दंड लालबुंद झाला? आधी दिवस मोजा

अमेरिकेत सामान्य लोकांना देवी टोचणं १९७२ मध्ये थांबलं. सैन्यात डिसेंबर २००२ मध्ये ही लस पुन्हा सुरू झाली, तेव्हा तरुण डॉक्टरांना तिची 'नेहमीची' पुळीही भीतीदायक वाटावी यात नवल नाही.

दुतोंडी सुई लसीत बुडवायची आणि दंडावर जेमतेम ५ मिलिमीटर जागेत भराभर टोचायचं. रक्ताचा बारीक ठिपका दिसायला हवा. नंतर आलेल्या एकॅम२००० लसीला १५ टोचे लागतात. स्पिरिट लावलं असेल तर कातडी पूर्ण वाळू द्यावी, नाहीतर लसीतला जिवंत व्हॅक्सिनिया विषाणू (देवीच्या विषाणूचा सौम्य भाऊबंद) तिथंच मरतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारीक गाठ, मग पाण्याचा फोड, आठव्या ते दहाव्या दिवसापर्यंत मधे खळगा असलेली पुवाची पुळी. खपली पडायला तीनेक आठवडे. काखेत अवधाण येतं, ताप येतो, भोवती एक-दोन छोटे फोडही उठतात. हे सगळं चालतं.

खरी फसगत दहाव्या दिवसाच्या आसपास होते. पुळीभोवती साडेसात सेंटिमीटरहून मोठा भाग लाल, गरम आणि टणक होतो आणि लगेच अँटिबायोटिक लिहून दिलं जातं. बहुतेकदा तो लसीचाच जोर असतो. एक ते तीन दिवसांत आपोआप ओसरतो. जिवाणूंचा संसर्ग सहसा पहिल्या पाच दिवसांत दिसतो, किंवा फार उशिरा. लाल कडेवर पेनानं रेघ मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. अंगावर केसांच्या मुळाशी पुळ्या आल्या तरी त्या बहुधा निरुपद्रवी असतात.

मलम लावू नका. गॉझ न ठेवता नुसती प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली तर कातडी पांढरी पडून भिजते, आणि चिकटपट्टीची वेगळीच ॲलर्जी उठते. खाजवलेलं बोट डोळ्याला लागलं तर विषाणू तिथं रुजतो, म्हणून हात धुणं सर्वांत महत्त्वाचं. पडलेल्या खपलीतही विषाणू असतो. ती बंद पिशवीत टाकावी.

इसब असणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. २००७ मध्ये लस घेतलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या दोन वर्षांच्या मुलाला घरातल्या संपर्कातून लसीतल्या विषाणूची लागण झाली. मुलाला इसब होता. निम्म्याहून जास्त अंगावर फोड पसरले. इम्यूनोग्लोब्युलिन (या विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) आणि विषाणूविरोधी औषधं देऊन तो वाचला. म्हणून टोचण्याआधी 'तुम्हाला इसब आहे का' एवढंच विचारून भागत नाही. लहानपणी कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे सतत खाज सुटायची का? आणि घरात आत्ता कुणाला सुटते?