खाड्याचे नाटक : घरकामगार महिलांबरोबर नाटक बसवताना

नाटक बसवायचे तर आधी संहिता हातात हवी, अशी हौशी रंगभूमीवर काम करणाऱ्यांची सवय असते. नवी मुंबईतला आमचा गटही राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने वर्षानुवर्षे तसेच करत आला. पावसाळ्यात संहितेची शोधाशोध, मग कचेऱ्या सुटल्यावरच्या तालमी, स्पर्धेचा एक प्रयोग, आणि निकाल लागला की नेपथ्य कुणाच्या तरी गच्चीवर ताडपत्रीखाली. सामाजिक विषयावरची नाटके आम्ही बरीच केली, परंतु ती पाहायला येणारा प्रेक्षक बहुतेक वेळा आमच्याशी आधीच सहमत असलेला असायचा. ज्यांच्यावर नाटक, ते प्रेक्षागृहात नाहीत आणि ज्यांच्या वागण्यावर बोट ठेवायचे, तेही नाहीत, हे बऱ्याच जणांना खटकत होते. म्हणून घरकामगार महिलांविषयीचे नाटक त्यांच्याच बरोबर उभे करायचे आणि ते वस्तीतही करायचे, सोसायट्यांतही करायचे, असे आम्ही ठरवले. माझ्याही घरी कामाला मावशी येतात, त्यामुळे या विषयात मी नेमकी कोणत्या बाजूला उभी आहे, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते.

पद्धत म्हणून आम्ही फोरम थिएटर निवडले. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी ही पद्धत 1970 च्या दशकात लॅटिन अमेरिकेत विकसित केली. पेरूमध्ये 1973 साली साक्षरता मोहिमेच्या निमित्ताने ते काम करत असताना, नवऱ्याच्या फसवणुकीवरच्या एका प्रसंगात नायिकेने काय करावे हे एक प्रेक्षक स्त्री पुन:पुन्हा सुचवत होती. नटांनी केलेले काही केल्या तिच्या मनाला येईना. शेवटी ती स्वतःच रंगमंचावर चढली आणि तिला काय म्हणायचे होते ते करून दाखवले. या पद्धतीत नाटक अडचणीच्या टोकाला नेऊन थांबवतात. मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि या वेळी कोणीही प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून दबलेल्या पात्राची जागा घेऊ शकतो. दाबणारे पात्र मात्र बदलता येत नाही, कारण ते आपोआप सुधारले तर प्रश्नच उरत नाही. नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक सूत्रचालक असतो, त्याला बोआल ‘जोकर’ म्हणतात.

हे पात्र आमच्या मंडळींना समजावायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचे श्रेय बोआल यांच्यापेक्षा आपल्या परंपरेला अधिक आहे. जोतीराव फुले यांनी 1855 साली लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलेल्या आणि तिथे नाकारल्या गेलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात भोळ्या कुणबी जोडप्याला फसवणाऱ्या जोश्याचा डाव विदूषक मध्येमध्ये तोंड घालून उघड करत राहतो. तमाशातला सोंगाड्याही कथा थांबवून गावच्या पाटलाला चिमटा काढतोच. आमच्या गटातल्या महिलांमध्ये जालना-परभणीकडून आलेल्या बऱ्याच जणी होत्या. जोकर म्हणजे काय, हे त्यांना ‘मधेच बोलणारा सोंगाड्या’ या तीन शब्दांत कळले आणि त्यांनीच गटातल्या एका तरुणाला ते काम दिले.

तालमी तुर्भ्याच्या एका समाजमंदिरात झाल्या. वेळ दुपारी दोन ते चार, कारण सकाळची घरे आटोपून संध्याकाळच्या घरी जाण्याआधी या बायकांच्या हाती असतो तो एवढाच मोकळा वेळ, आणि त्यातही घरी जेवण करून मुलांना शिकवणीला सोडायचे असते. तालमीला येणाऱ्या प्रत्येकीला मानधन द्यायचे, हे आम्ही आधीच ठरवले होते. श्रमाच्या मोबदल्याविषयीचे नाटक फुकटच्या श्रमावर उभे करणे मला शोभणारे वाटत नव्हते, आणि मानधनाशिवाय कोणी नियमित आलेही नसते. आमच्या काही सहकाऱ्यांना हौशी रंगभूमीत पैसे आले की भावना जाते असे वाटते. दुपारची झोप मोडून येणाऱ्या बाईसमोर हे मत फार काळ टिकत नाही.

विषय निवडताना माझा अंदाज होता की सोसायटीतली वेगळी लिफ्ट किंवा चोरीचा आळ यांवर बोलणे होईल. या गोष्टी निघाल्या, पण चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येत राहिली, ती म्हणजे खाडा. न आलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात, हे सगळ्यांना ठाऊक असते. परंतु मालकीण गावी गेली, घर आठ दिवस बंद राहिले, तर ते दिवस कोणाचे? रविवारी जास्तीचे पाहुणे आले तर त्या भांड्यांचा हिशेब कुठे लिहितात? मूल तापाने फणफणले म्हणून एक दिवस घेतला आणि आधी कळवले, तर तो खाडा की सुट्टी? या प्रश्नांची उत्तरे घरागणिक वेगळी होती आणि लेखी स्वरूपात कुठेच नव्हती. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठीचा करार 2011 साली संमत केला आणि भारताने त्यावर अद्याप अनुसमर्थनाची मोहोर उमटवलेली नाही, ही माहिती आम्ही जमवून आणली होती. महिलांनी ती ऐकून घेतली आणि पुन्हा खाड्याकडे वळल्या.

पहिला प्रवेश महिनाअखेरचा. स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेले कॅलेंडर, त्यावर दुधाच्या पिशव्यांच्या रेघा, गॅस लावल्याची तारीख आणि लाल पेनाच्या चार फुल्या. आमच्या गटातली अनुभवी अभिनेत्री मॅडम झाली आणि तिने आवाज चढवून चार दिवसांचे पैसे कापले. तालीम पाहणाऱ्या मावशींपैकी एकीने तिथेच अडवले. “अशी कुठली मॅडम ओरडते? ओरडली तर मीच दुसऱ्या दिवशी जाणार नाही. ती गोडच बोलते.” मग त्या स्वतः मॅडम झाल्या. खुर्चीवर बसल्या, चष्मा नसताना चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, “मावशी, तुम्ही घरच्याच आहात, म्हणून सांगते. हिशेब हिशेबाच्या जागी ठेवू या.” एवढे बोलून त्यांनी हातातल्या नोटांतून चार नोटा शांतपणे परत पर्समध्ये ठेवल्या, आणि वर विचारले, “चहा घेऊन जाणार ना?” हॉलमध्ये जो हशा पिकला, तो ओळखीचा होता. आमच्या अभिनेत्रीने तो संपूर्ण प्रवेश नंतर त्या मावशींकडून शिकून घेतला: नोटा कोणत्या हाताने परत ठेवायच्या, हेसुद्धा. समकालीन नाटकात संशोधन हा शब्द फार वापरला जातो. मला तो त्या दुपारी पहिल्यांदा पटला.

चहाचा कपही तिथूनच आला. कान तुटलेला, खिडकीच्या कठड्यावर वेगळा ठेवलेला कप प्रत्येकीच्या किमान एका घरात होता. एकीने तसा खरा कप आणून दिला. आम्ही त्यावर एकही संवाद लिहिला नाही. मॅडम चहा ओतते, मावशी कप उचलते, तो गरम लागतो म्हणून पदरात धरते, एवढेच घडते.

महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रिटिशांनी 1876 साली आणलेला नाट्यप्रयोगांवरील नियंत्रणाचा केंद्रीय कायदा 2018 साली रद्द झाला, तरी राज्यातली ही पूर्वपरवानगीची व्यवस्था पोलीस कायद्याखालच्या नियमांवर उभी असल्यामुळे कायम राहिली. या व्यवस्थेविषयी माझे मत अनुकूल नाही. पण आमच्यापुढचा प्रश्न तत्त्वाचा नव्हता, व्यवहाराचा होता. ज्याचा उत्तरार्ध प्रेक्षक बोलणार आहेत, त्या नाटकाची संहिता द्यायची कशी? शेवटी ठरलेले प्रवेश शब्दशः लिहिले, पुढच्या भागात सूत्रचालकाचे संवाद आणि प्रेक्षकांच्या सहभागाचे नियम दिले, आणि ती प्रत पाठवली. यथावकाश प्रमाणपत्र आले.

या कागदी कामाचा एक लाभ मात्र अनपेक्षित होता. तोपर्यंत सगळे तोंडी चालले होते. टाइप केलेली संहिता आम्ही समाजमंदिरात मोठ्याने वाचून दाखवली, कारण काही जणींना वाचता येत नव्हते, आणि आपल्या तोंडचे वाक्य कागदावर ऐकताना त्यांचे चेहरे सावध झाले. जे वाक्य ज्या बाईकडून आले, ते खोडण्याचा अधिकार तिचाच, असा नियम तिथे करावा लागला. एकीने मुलाच्या शाळेच्या फीचा उल्लेख काढायला लावला, कारण तेवढ्यावरून तिची मॅडम तिला ओळखेल. दुसरीने आपला संवाद ठेवला, पण तो दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालायला सांगितला. नाट्यदृष्ट्या यात आमचे नुकसान झाले, फीचे वाक्य फार चांगले होते. तरीही ते गेले ते योग्यच गेले. इतरांच्या आयुष्यावर नाटक करणाऱ्या गटांना हा नियम आधीपासून ठेवण्याची मी शिफारस करेन.

वस्तीतला पहिला प्रयोग संध्याकाळी उशिरा, घरे आटोपल्यावर झाला. सूत्रचालकाने विचारले, “या मावशीने काय करायला हवे होते?” आणि एका दमात अनेक उत्तरे आली. एक मुलगी पुढे येऊन मावशी झाली आणि सरळ काम सोडून निघून गेली. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी विचारले, “आणि एक तारखेला भाडं कोण देणार?” मग दुसरी आली. तिने ब्लाउजमधून छोटी वही काढण्याचा अभिनय केला आणि स्वतःचा हिशेब वाचला: तुम्ही गावी गेलात ते पाच दिवस, पाहुण्यांचे दोन दिवस, माझे खाडे दोन. आमची मॅडम क्षणभर अडखळली आणि मग तिने तालमीत कधीच न आलेले वाक्य टाकले: “म्हणजे इतक्या वर्षांनी तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?” वही वाचणारी बाई गप्प झाली. ही गप्प राहण्याची जागा त्या रात्री सगळ्यांना कळली. त्यानंतर जे कोणी रंगमंचावर आले, त्यांनी पैशांविषयी बोलायचे सोडून त्या एका वाक्याला उत्तर शोधले. “विश्वास आहे म्हणूनच दोघींनी लिहू,” हे उत्तर एका वृद्ध बाईने दिले, तेव्हा आमच्या अभिनेत्रीला पुढे काही सुचले नाही.

नेरूळमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रयोग ठरला, तेव्हा पद्धतीतली खरी अडचण समोर आली. इथल्या प्रेक्षकांना मावशीची जागा घ्यायची नव्हती. प्रत्येकाला मॅडमच्या जागी येऊन आपण किती चांगले वागतो, हे दाखवायचे होते. ते करू दिले असते तर आमचा प्रयोग म्हणजे सौजन्याची स्पर्धा झाली असती. त्यामुळे मॅडम बदलता येणार नाही, हा नियम ठेवून आम्ही बाजूची पात्रे खुली केली: लिफ्टमध्ये भेटणारी शेजारीण, वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि सोफ्यावर मोबाईल पाहत बसलेला मॅडमचा नवरा, ज्याला मूळ नाटकात एकही वाक्य नव्हते. बराच वेळ कोणी उठले नाही. नंतर एक निवृत्त गृहस्थ आले, सोफ्यावर बसले, मोबाईल खाली ठेवला आणि मॅडमला म्हणाले, “माझ्या कंपनीने माझी रजा कधी कापली नाही. हिला वर्षाला किती रजा, ते ठरवून कॅलेंडरवर लिही.” त्यावर प्रेक्षकांत वाद पेटला, कारण पाच घरांत काम करणाऱ्या बाईची रजा कोणत्या घराने द्यायची, हा प्रश्न लगेच पुढे आला. एका बाईंनी चिडून विचारले की आम्ही पैसे देतो, त्याचे नाटक कोणी करणार आहे का. सूत्रचालकाने त्यांना मंचावर बोलावले, त्या आल्या नाहीत. खेळ संपल्यावर मात्र त्या बराच वेळ माझ्याशी बोलत उभ्या होत्या.

बोआल 1992 साली रिओ द जानेरोच्या नगरमंडळावर निवडून आले आणि प्रेक्षकांच्या सूचनांमधून त्यांनी तेरा कायदे घडवले, हा दाखला आमच्याकडे उत्साहाने दिला जातो. आमच्या नाटकातून कायदा झाला नाही, होण्याची शक्यताही मला दिसत नाही. तुर्भ्याच्या काही जणी आता स्वतःची तारखांची वही ठेवतात आणि त्यातल्या दोघींच्या घरी महिन्याच्या सुट्ट्या आधी ठरवल्या जातात. बाकीच्यांचे हिशेब पूर्वीसारखेच आहेत. माझ्या घरच्या कॅलेंडरवर मावशींच्या हाताने लिहिलेल्या तारखा आहेत, आणि त्या माझ्या आठवणीशी जुळत नाहीत तेव्हा आम्हाला बसून बोलावे लागते, जे पूर्वी कधी करावे लागत नव्हते.

पुढचा विषय महिलांनीच काढला आहे: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, ही गोष्ट. त्यांची अट आहे की हे नाटक त्या जिथे काम करतात त्या सोसायट्यांत करायचे नाही. म्हणून या वेळी प्रयोग ठाण्याकडच्या वसाहतींत होतील आणि ठाण्याकडच्या महिलांचा गट इकडे येईल. तालमीची वेळ तीच आहे, दुपारी दोन ते चार.