अडुसष्ट

१९ मे, रात्री उशिरा

कूलरमधलं पाणी संपत आलंय. मोटर कोरडी घरघरतेय. उठून दोन बादल्या ओतायला हव्यात, पण आधी हे लिहून टाकतो. नाहीतर रात्रभर तोच आकडा डोक्यात फिरत राहील.

आज सकाळी मोमिनपुऱ्यात इंजिनकाम करणाऱ्या चाचांकडे बाबांच्या जुन्या फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक मोजला. चारही बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरचा व्यास, वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. चाचा आकडा बोलायचे, मी वहीत लिहायचो. पहिलाच आकडा आला ६८.२१ मिलिमीटर. मी म्हटलं, चाचा, बहात्तर असेल, परत बघा. त्यांनी काही न बोलता बोअर गेज मायक्रोमीटरला लावून परत शून्य केला, पुसला, आत सोडला. ६८.२१. खाली ६८.०४. दुसरा बोअर, तिसरा, चौथा, सगळे तसेच. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"भाऊ, हे त स्टँडर्ड हाये. एक डाव बी कापला नाही. कंपनीतून आला तसाच ब्लॉक हाये हा. तुम्हाले बहात्तर कोन सांगतलं?"

कोण सांगणार.

मी आठ वर्षांचा असल्यापासून ऐकत आलोय. आपल्या फियाटमध्ये इटलीचा बोअर आहे, बहात्तरचा. इथल्या गाड्या १०८९ सीसीच्या, आपली १२२१. हा आकडा हवेतून आलेला नाही. ६८ चा बोअर आणि ७५ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, धरला की चार सिलिंडरचे १०८९ होतात. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ७२ केला की १२२१. इटलीत १९६२ च्या ११०० डी मध्ये फियाटने तेच इंजिन दिलं होतं. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून मात्र शेवटपर्यंत १०८९ च निघत राहिलं. म्हणून तर बाबांची गाडी पहाटेच्या त्या ४०२ मीटरच्या, म्हणजे पाव मैलाच्या, शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असायची, असं मी शाळेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, लग्नाच्या बोलणीत हिच्या मामांनासुद्धा सांगितलं. आरसी बुकात १०८९ लिहिलेलं मी किती वेळा पाहिलंय! कागद कंपनीचा आहे, इंजिन आपलं आहे, असं म्हणून ते बुक परत कपाटात ठेवायचो.

घरी येताना व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभा होतो. ऊन इतकं की स्कूटरच्या ब्रेकला बोट लागत नव्हतं. तिथे मी मनात गणित मांडलं. माप वीस अंशांना घ्यायचं असतं आणि आज पंचेचाळीस होते. बिडाचं लोखंड तापलं की पसरतं, मग माप चुकलं असेल. पंचवीस अंशांचा फरक, ६८ मिलिमीटरवर किती? दोन शतांश मिलिमीटरही पुरते नाहीत. आणि गेजही त्याच उन्हात तापलेला. मला चार मिलिमीटर हवे होते. सिग्नल सुटला तरी मी तसाच उभा, मागून हॉर्न वाजले तेव्हा हललो.

घरी बाबा पोर्चमध्ये खुर्चीवर होते. सकाळी ऊन चढेपर्यंत तिथेच बसतात, गाडीकडे तोंड करून. गाडी चार विटांवर, बॉनेट काढलेलं, इंजिनाच्या जागी पोकळी. मला पाहून त्यांनी विचारलं, "बोअर मोजला?"

"हो. झिजलाय वरच्या बाजूला."

"बरं."

एवढंच. मग ते रस्त्याकडे बघायला लागले. दिवसभर मी त्या 'बरं'पाशी अडकलोय. झिजलाय म्हटल्यावर माणूस 'किती' विचारतो. बाबा तर नक्की विचारतात, भाजीच्या पावतीवरचे पैसेही ते दोनदा मोजतात. आज नाही विचारलं. का नाही विचारलं? मी काय मोजून आलो हे त्यांना ठाऊक होतं म्हणून? की आता त्यांना त्याचं काही वाटतच नाही? की मीच त्या एका शब्दात हे सगळं कोंबतोय?

दुपारी कूलरसमोर पडलो होतो. ही म्हणाली, जेवला नाहीस नीट. मी सांगितलं नाही. हिला काय सांगणार? दोन वर्षं रविवार गेले, पैसे गेले, आणि त्यातलं अर्धं वर्ष तर नुसता ७२ चा पिस्टन सेट शोधण्यात गेलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या, तेव्हा कुर्ल्याच्या पार्टवाल्यांना फोन करत बसलो होतो की आता जुना माल निघेल. स्टँडर्डचे पिस्टन हवे तेवढे देतो म्हणाले, ४० ची साइज (स्टँडर्डपेक्षा ०.४० मिलिमीटर मोठी) देतो, ६० ची देतो. बहात्तर म्हटलं की हसायचे. एक जण म्हणाला, साहेब, टॅक्सीत कोण घालणार बहात्तर? तेव्हा मला त्याची कीव आली होती.

खूप वाईट वाटलं दुपारी. रडू नाही आलं, पण छातीत काहीतरी बसल्यासारखं. मी खोटं बोललो नव्हतो, तरी आता तीस-पस्तीस वर्षांचं माझं बोलणं खोटं ठरलं. आणि ज्यांनी ते मला दिलं ते सकाळी बाहेर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. मोठ्या भावाला फोन करावा असं वाटलं. केला नाही. तो म्हणाला असता, मला माहीत होतं. आणि ते मला सहन झालं नसतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर शेडमध्ये गेलो. काम काही नव्हतं, नुसता गेलो. फ्लायव्हील, इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं होतं. ते दिसलं आणि सकाळी चाचा जे म्हणाले होते ते आत्ता ऐकू आलं. आकड्यांनंतर ते बरंच काही बोलले होते, मी फक्त मान हलवत होतो. ते म्हणाले होते, "हेड मात्र फेस केलेलं हाये, मस्त केलं हाये, कुठी वाकडं नाही. पण फ्लायव्हील पाह्यलं का? त्याले हात बी नाही लावला. रेसवाले सगळे पह्यले फ्लायव्हील लेथवर चढवतात."

हे खरं आहे. हलकं फ्लायव्हील म्हणजे इंजिन चटकन फिरतं, ऐकायला छान वाटतं, म्हणून पोरं आधी तेच उतरवतात. मीही यादीत लिहून ठेवलं होतं, फ्लायव्हील दीड किलो कमी करणे. पण जेमतेम चाळीस अश्वशक्तीचं इंजिन जागेवरून सुटताना मरतं. क्लच पकडतो त्या क्षणी इंजिनाकडे स्वतःची ताकद कमी असते, तेव्हा जड चाकात साठलेली फिरकी गाडीला ढकलते. हलकं केलं तर ती ढकल गेली. बाबांनी ते उतरवलं नाही, कारण त्यांना सुटायचं होतं. हेड फेस करून, म्हणजे त्याचा तळ थोडा कापून सपाट करून, कॉम्प्रेशन वाढवलं, मागची सीट काढली, दोन्ही बंपर काढले. स्पेअर चाक मात्र डिक्कीत तसंच ठेवलं. मला लहानपणी हे कोडं वाटायचं, एवढं वजन कमी करतात मग चाक का नाही काढत? आता कळतं. त्या ५.२०–१४ च्या अरुंद टायरांवर, पहाटेच्या धुळीच्या डांबरावर, मागच्या चाकांवर वजन हवं होतं.

वीसेक सेकंदांचा खेळ तो. अमेरिकेत सुटण्याचा इशारा देणारं दिव्यांचं झाड १९६३ मध्ये आलं, त्याआधी तिथेही माणूसच झेंडी हलवायचा. इथे रुमाल असायचा, टेपने मोजलेलं अंतर आणि शेवटी रस्त्याच्या कडेला उभा एक जण. (आज असं भर रस्त्यावर कुणी करू नये, धाकट्या मुलाला मी हे दहादा बजावलंय.) ड्रॅगच्या, म्हणजे अशा सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, घड्याळात एक गोष्ट मला फार आवडते. गाडीची वेळ ती जागची हलल्यावर सुरू होते, हिरवा दिवा लागल्यावर नाही. म्हणून उशिरा सुटलेला गडी कमी सेकंदांत अंतर कापूनही हरू शकतो. हे मी कितीतरी वेळा वाचलं, इतरांना समजावून सांगितलं, आणि तरी आपल्या गाडीचं कारण विचारलं की बहात्तर म्हणत राहिलो.

मग बाबांनी बहात्तर का सांगितलं? शेजारी उभ्या असलेल्या गाडीवाल्याला ऐकवायला सांगितलं असेल आणि मी मध्ये उभा राहून ऐकलं असेल. किंवा करायचं ठरवलं असेल आणि झालं नसेल. त्या वर्षांत घरात काय काय चाललं होतं ते लिहीत नाही. किंवा सांगता सांगता त्यांनाच खरं वाटायला लागलं असेल. मी आज विचारू शकलो असतो. ते समोर होते, ऐकण्याचं यंत्रही कानात होतं.

बाहेर आलो आणि भलतंच विचारलं. "बाबा, सुटताना क्लच कसा सोडायचे तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चप्पल काढली. डावा पाय पुढे घेतला, टाच फरशीवर टेकवली आणि पंजा हळूहळू वर उचलला. अर्ध्यावर थांबवला. "इथं," म्हणाले. "इथं पकडते. रुमाल वर असतानाच इथपर्यंत यायचं. नाक जरासं वर होते गाडीचं, ते दिसते. मग हँडब्रेक सोडायचा. पाय नाही सोडायचा एकदम, पाय सोडला की चाक नुसतं फिरून राहते." हात हवेत स्टिअरिंगच्या गिअरवर होता. पहिल्यातून दुसऱ्यात. हात इतका कमी हलला की मला आधी कळलंच नाही. "पुन्हा पाह्य," म्हणाले आणि परत दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवताना त्यांचा पाय थरथरला, तेव्हा मी म्हटलं, कळलं बाबा. ते म्हणाले, "नाही कळलं तुले. बस इथं."

मी फरशीवर बसलो आणि माझी टाच टेकवली. फरशी अजून गरम होती. त्यांनी माझा पंजा हाताने धरून वर आणला आणि थांबवला. मी समजत होतो त्यापेक्षा बराच वर.

हिने आतून चहा आणला. बाबांनी बशीत ओतला. फुंकर मारली आणि गाडीकडे बघत म्हणाले, "चाळीसमध्ये साफ होईल नं?"

चाळीस कशावर, हे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. "होईल," म्हटलं. "वरती एकवीस झिजलाय."

"मग होते."

रात्री चाचांना फोन केला. ४० ची साइज घ्या म्हटलं, ६८.४० चा बोअर, होनिंग, म्हणजे शेवटची बारीक घासाई, पिस्टन हातात आल्यावरच करा. ते म्हणाले, आणि बहात्तर? मी म्हटलं नको. ते म्हणाले, चांगलं झालं. एवढा कापला असता तर भिंत पातळ झाली असती, नागपुरात मे महिन्यात पाणी उकळलं असतं. ११०२ सीसी होतील. फ्लायव्हीलचा फक्त क्लच बसतो तो भाग साफ करून घ्या, वजन कमी करू नका, हेही सांगितलं. यादीतली ती ओळ खोडली. कार्बोरेटरचं किट आणि पेट्रोलचा रबरी पाइप राहिलाय, इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुना पाइप फुगून फाटतो, तो बदलायलाच हवा. मागच्या चाकांना फिरकी देणारं क्राऊन-पिनियन अजून उघडलेलं नाही.

धाकट्याला अजून सांगायचंय. तो मित्रांना बहात्तर सांगतो, मी ऐकलंय.

उद्या सातच्या आत निघायला हवं, ऑटोत क्रँक आणि रॉड न्यायचे आहेत. बाबांनी झोपायला जाताना विचारलं, मी येऊ का मोमिनपुऱ्याला? ऊन फार असतं म्हणणार होतो. या म्हटलं.

पाणी भरतो आता.