तोरणमाळची सफेद मुसळी : १५०० रुपये देऊन चुकीचं झाड बघितलं, तुम्ही बघू नका

कालच परत आलोय, पोटऱ्या अजून ठणकतायत, पण हे आत्ताच लिहितो कारण श्रावणात बरेच जण तोरणमाळला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, जातात आणि परत कोणाचे १५०० रुपये असे जाऊ नयेत.

सफेद मुसळी, म्हणजे जिच्या मुळ्या औषधासाठी विकतात ती वनस्पती, रानात उगवलेली बघायची हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. त्याला कारण घरातलं आहे. २००० सालच्या आसपास मुसळीच्या शेतीची लाट आली होती तेव्हा माझ्या मामांनी अर्धा एकर लावली होती, बियाणं म्हणून महागाच्या मुळ्या आणल्या, त्यात निम्म्याहून जास्त भलत्याच जातीच्या निघाल्या आणि माल उचलतो म्हणणारा माणूस नंतर फिरकलाच नाही. तेव्हापासून खरी मुसळी आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी ही दोन झाडं वेगळी कशी ओळखायची हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या हौसेचा नाहीये. खऱ्या मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, म्हणजे आपल्या बोरिवलीवरून दिलेलं. झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिचं वर्णन केलं. तिची जवळची बहीण क्लोरोफायटम ट्यूबरोसम. दोघींना पांढरी फुलं, दोघींना गवतासारखी पानं, दोघी पावसातच उगवतात, आणि बाजारात दोघींना मुसळीच म्हणतात.

तोरणमाळला आम्ही दोघं मित्र गेलो. जिथे उतरलो तिथल्याच माणसाने एक "जडीबुटीचा जाणकार" गाठून दिला, १५०० ठरले, आधी हातात. सीताखाई नावाच्या दरीच्या बाजूने रेलिंग सोडून तो आम्हाला खाली घेऊन गेला आणि हा उतार मी विसरणार नाही. जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे, पण कमरेएवढ्या गवताखाली सुटे दगड आहेत ते दिसतच नाहीत, मधल्या काळ्या कातळावर शेवाळ, बांबू धरावा तर कुजका निघून हातात येतो, आणि वरून सतत भुरभुर पाऊस. मी दोनदा सणसणीत घसरलो, मित्राचा गुडघा सोलला. ट्रेकची सवय असलेल्यांनाही सांगतो, पावसात हा उतार उतरू नका. कशासाठीही नाही. चढताना तर दीड तास लागला.

खाली एका सपाटीवर पांढरी फुलंच फुलं. "हीच असली सफेद मुसळी" म्हणाला. मी खुळ्यासारखे दोनशे फोटो काढले. फूल चांगलं मोठं, इंचभर किंवा जास्तच, पानं लांब, उभी, कडा लाटांसारख्या. मनात पाल चुकचुकली होती पण इतकं खाली उतरल्यावर मन तेच बघतं जे बघायचं असतं. परत चढताना एका जागी पावसाने माती ढासळली होती आणि तीच झाडं मुळांसकट उघडी पडली होती. प्रत्येक मूळ दोऱ्यासारखं बारीक, आणि त्याच्या टोकाला भुईमुगाच्या शेंगेएवढी गाठ लोंबतेय. संपला विषय. ट्यूबरोसम. जाणकाराला दाखवलं तर म्हणतो सगळी सारखीच, गुण सारखाच. सारखाच असता तर व्यापारी दोघींना वेगळा भाव कशाला देतात? त्याने पैसे परत दिले नाहीत आणि भांडायची ताकद आमच्यात उरली नव्हती.

खरी मुसळी दिसली ती तिसऱ्या दिवशी, रस्त्यापासून दहा मिनिटांवर! मक्याच्या शेतात निंदणी करणाऱ्या एका मावशींना फोटो दाखवला, त्या म्हणाल्या ही दोरीवाली, ही भाजीची, विकायची ती वेगळी. आणि स्वतःच्या बांधावर नेऊन विळ्याने माती बाजूला करून दाखवली. झाडाच्या गड्ड्यापासूनच बोटांसारख्या जाड मुळ्यांचा झुबका, मध्ये दोरा-बिरा काही नाही, खाली टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. पानं जमिनीसरशी पसरलेली, फूल त्या दुसरीपेक्षा लहान, दांडीवर तीन-तीनच्या झुपक्याने. बघून झाल्यावर मावशींनी माती परत लोटली आणि पायाने दाबली. मला खरंच भरून आलं. मामांना तिथूनच फोन लावला.

तर लक्षात ठेवायचं ते मूळ. पानांची रुंदी जमिनीप्रमाणे बदलते, फुलांची संख्याही कमीजास्त होते, नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण म्हणून जंगलात झाडं उपटत सुटू नका, एकतर वनखात्याची जागा आणि दुसरं म्हणजे ही मुसळी उपसून उपसूनच दुर्मिळ झालीये. रस्त्याच्या कडा, ओढ्याकाठची ढासळलेली माती, शेताचे बांध, इथे मुळं आपोआप दिसतात. लागवडीसाठी घेणार असाल तर मूळ बघाच, शिवाय प्रत्येक मुळीला वरच्या गड्ड्याचा तुकडा चिकटलेला पाहिजे, नुसती मुळी कितीही जाडजूड असली तरी उगवत नाही. मामांना हेही कोणी सांगितलं नव्हतं.

वाळलेली मुसळी तिथे विकायला येतात, पाव किलोचे ८०० सांगतात, घेऊ नका. घ्यायचीच असेल तर एक तुकडा मोडून बघा, खरी कटकन तुटते, आतून पांढरी, चावली की दाताला चिकटते. मोडताना मधून दोरीसारखी शीर निघाली तर ती शतावरी. काळ्या मुसळीचा घोटाळा होत नाही, तिचं फूल पिवळं चांदणीसारखं अगदी जमिनीलगत येतं, पानांना चुण्या असतात, आणि मूळ एकच, सरळ, काळपट.

फोडशीची भाजी आवडणाऱ्यांनो, तुम्हाला वेगळं सांगतो कारण मित्राने तिथे पहिल्याच दिवशी पिशवी भरायला घेतली होती. फोडशी म्हणजे याच कुळातली कोवळी पानं. पण त्याच पावसात तशीच पानं रानकांद्याचीही येतात आणि तो विषारी, हृदयावर परिणाम करतो. त्याच्या बुडाशी कांदा असतो, फोडशीच्या बुडाशी कधीच नसतो. कळलावीच्या पानाचं टोक वेलीच्या तणाव्यासारखं वळतं, तीही जबर विषारी आहे आणि तिचा कंद पांढरा, नांगराच्या फाळासारखा. ज्यांच्या घरी ही भाजी दरवर्षी होते त्यांच्याकडूनच घ्या, स्वतः खुडू नका.

दुसरा दिवस यशवंत तलाव, गोरखनाथाचं देऊळ, मच्छिंद्रनाथांची गुहा यात गेला, छान गेला.

जायचं कसं, तर नंदुरबारपर्यंत रेल्वे, पुढे शहादा, आणि शहाद्याहून एसटी. आम्ही एसटी चुकली म्हणून जीप केली, २२०० घेतले, उतरताना तेच अंतर एसटीने फार थोड्या पैशात झालं. जीपवाला शेवटची गाडी गेली म्हणाला, ती गेलेली नव्हती, स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारूनच निघा. जाणकार-बिणकार करू नका, शेतात काम करणाऱ्या मावश्यांना, काकांना नीट विचारा, वेळ घेतलात तर त्यांची मजुरी द्या. मावशी पैसे घेत नव्हत्या, आम्ही पोराच्या हातात ठेवले. सकाळी लवकर बाहेर पडा, आम्ही बघितलेली फुलं दुपारनंतर मिटायला लागली होती. आणि जुलैचा शेवट ते ऑगस्ट हाच काळ धरा, दसऱ्याच्या सुट्टीत गेलात तर पानं पिवळी पडून झडलेली असतील आणि वर नुसती माती दिसेल.