तुम्ही विचारलंत म्हणून: टॉवर वाऱ्यात हलतो का?

गावाला गेलो की हा प्रश्न येतोच, लग्नात, आरती झाल्यावर, एसटी स्टँडवर चहा पिताना. "काय रे, तुम्ही ते साठ-साठ मजल्यांचे टॉवर उभे करता, वारा आला की ते हलत नाहीत काय?" माझं गाव दापोली तालुक्यात आणि काम मुंबईत, स्ट्रक्चरल इंजिनियरचं, ज्याला आपल्याकडे आरसीसी कन्सल्टंट म्हणतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ येऊन गेलं तेव्हापासून लोक हा प्रश्न फार गंभीरपणे विचारतात, कारण ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पोफळीची बाग आडवी झालेली बघितली त्यांना वारा काय करू शकतो ते मी सांगायची गरज नाही.

तर हो, हलतो. अजिबात न हलणारी उंच बिल्डिंग बांधताच येत नाही. किती हलायचं आणि कसं हलायचं हे ठरवणं हेच आमचं मुख्य काम. उंच इमारतींसाठी आपलं जे भारतीय मानक आहे, आयएस 16700, त्याप्रमाणे वाऱ्यात माथा उंचीच्या पाचशेव्या भागापर्यंत सरकलेला चालतो, म्हणजे 250 मीटरच्या टॉवरला अर्धा मीटर. हा आकडा ऐकला की समोरचा माणूस गप्पच होतो, पण इमारतीच्या मजबुतीला यात धोका नसतो, गणित त्याच्या पलीकडचं केलेलं असतं.

वारा फक्त ढकलतो असं सगळ्यांना वाटतं. निसर्गमध्ये किनाऱ्यावर ताशी 110-120 किलोमीटरचा वारा होता, आणि पत्रे उडाले ते बऱ्याच ठिकाणी वरून ओढले गेल्यामुळे उडाले, छपरावरून वारा जोरात सरकला की वर दाब कमी होतो आणि पत्रा हुकासकट उचलला जातो. टॉवरलाही तेच, समोरून ढकलणं आणि बाकीच्या तिन्ही बाजूंनी ओढणं. शिवाय वाऱ्याचे भोवरे एकदा डाव्या कडेने सुटतात एकदा उजव्या, त्यामुळे पश्चिमेचा वारा असला तरी टॉवर उत्तर-दक्षिण झुलतो, आणि भोवऱ्यांची लय टॉवरच्या स्वतःच्या लयीशी जुळली की झुलणं वाढत जातं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. उंची दुप्पट झाली की पायाशी उलथवणारा जोर चौपटीहून जास्त, कारण वर वारा मुळातच जोरात असतो. वजन पेलणं त्यामानाने सोपं आहे.

ज्या कंपनीमुळे हे सगळं शास्त्र रुळलं ती शिकागोची, स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल, आमच्या धंद्यात सगळे एसओएम म्हणतात. 1936 ला सुरू झाली. तिची खरी ताकद मला ही वाटते की आर्किटेक्ट आणि इंजिनियर एकाच छताखाली बसायचे, आधी चित्र मग हिशोब असं नाही. तिथे 1955 ला ढाक्याचा एक तरुण लागला, फझलूर रहमान खान. त्याच्या आधी उंच इमारत म्हणजे आतून-बाहेरून कॉलम-बीमचा सांगाडा, जितके मजले वाढवाल तितकं लोखंड कित्येक पटींनी वाढायचं. खानने ताकद बाहेरच्या भिंतीत नेली. कॉलम जवळजवळ, त्यांना जोडणारे बीम जाड, म्हणजे अख्खी इमारत एक पोकळ नळी झाली, आणि पोकळ बांबू तेवढ्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा किती कमी वाकतो हे कोकणातल्या माणसाला माहीत असतं.

पुढे आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहमबरोबर त्याने जॉन हॅनकॉक सेंटर केलं, 100 मजले, 1969, बाहेरून मोठमोठ्या फुल्या दिसतात त्या शोभेच्या नाहीत, वारा त्याच खाली जमिनीपर्यंत नेतात. एम्पायर स्टेटला चौरस मीटरला साधारण 206 किलो लोखंड लागलं होतं, हॅनकॉकला साधारण 145. मी कॉलेजात हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हापासून हा माणूस माझा गुरु आहे. मग नऊ नळ्या एकत्र बांधून सिअर्स टॉवर, 442 मीटर. 1982 मध्ये तो गेला, वय जेमतेम 52, पण कंपनीत विचार राहिला. त्याच एसओएमच्या बिल बेकरने बुर्ज खलिफा केला, 828 मीटर, मधल्या गाभ्याला तीन पंख तीन बाजूंनी टेकू देतात, आणि वर जाताना प्रत्येक टप्प्यावर आकार बदलतो म्हणून भोवऱ्यांना एक लय सापडतच नाही. तो आकार विंड टनेलमध्ये मॉडेलवर वारा सोडून सोडून घडवलाय.

मजबुती झाली, आता माणसाला किती झुलणं चालतं? 1965 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या वेळी अमेरिकेत ओरेगनमध्ये लोकांना फुकट डोळे तपासणी सांगून एका खोलीत बसवलं आणि ती खोली हळूहळू हलवली, कोणाला कधी गरगरतं ते बघायला. त्यानंतर त्या टॉवरांचा इंजिनियर लेस्ली रॉबर्टसनने दोन्ही टॉवरमध्ये प्रत्येकी साधारण दहा हजार डँपर, म्हणजे झुलणं शोषून घेणारे तुकडे, बसवले. फसवून बसवलं हे मला पटत नाही, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

आमच्या ऑफिसात रोज काय चालतं तर ह्याचंच छोटं रूप. कॉम्प्युटरवर मॉडेल, वाऱ्याचे वेगवेगळे कोन, भूकंप, मग दुसऱ्या टीमने सगळं पहिल्यापासून तपासायचं, मग साइटवर जाऊन बघायचं की कागदावर आहे तेच बसतंय का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवीन मुलांना मी न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्पची गोष्ट त्यासाठीच सांगतो. 1977 ला इमारत उभी राहिली, नंतर इंजिनियर विल्यम लेमेझूरियरला कळलं की वेल्डिंग धरलेल्या जोडांना प्रत्यक्षात बोल्ट मारलेत. 1978 ला त्याने पुन्हा हिशोब केला, तिरका वारा धरून, धोका दिसला, स्वतः जाऊन मालकांना सांगितलं, आणि रात्री-रात्री जोडांवर लोखंडी प्लेटा वेल्ड झाल्या. भाडेकरूंना मात्र खरं कारण सांगितलं नाही, ते चूकच. पण स्वतःहून सांगायला गेला याचा मला आदर वाटतो.

म्हणून तुम्ही टॉवरची काळजी करता तेव्हा मला तुमच्याच घराची काळजी वाटते. साठ मजल्यांवर पाच-पन्नास लोक डोळ्यात तेल घालून बसलेले असतात, आणि आपल्याकडे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तळमजला अधिक तीन उभं राहतं, कॉलम किती जाड ते कॉन्ट्रॅक्टर ठरवतो, ड्रॉइंगवर सही करणारा साइटवर फिरकत नाही. तिथे वाऱ्याच्या आधी मीठ घर खातं. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून आत जातं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. न धुतलेली खाडीची वाळू वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत. काँक्रीटचं आपलं मानक, आयएस 456, सांगतं की किनाऱ्याच्या हवेत सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर पाहिजे, लाटांचे तुषार येत असतील तर 50. आपल्याकडे खडीचा तुकडा सरकवतात सळईखाली, कसाबसा 15-20 मिलिमीटर.

तेव्हा स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन वर चढा, खालची सळई आणि सेंट्रिंगची फळी यांच्यामधलं अंतर चार-पाच ठिकाणी मोजा, आणि कमी भरलं तर नीट कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून वर धरणारे ठोकळे, लागेपर्यंत मिक्सर चालू करू देऊ नका, कामगार येऊन बसलेले असले तरी.