विकत घेतलेले खेळ स्वतःकडे जपून ठेवताना

मी पैसे मोजून घेतलेला एक ऑनलाइन खेळ कंपनीने सर्व्हर बंद केल्याबरोबर कायमचा थांबला. तक्रार केल्यावर उत्तर आले की मला खेळ विकलेलाच नव्हता, तो वापरण्याचा परवाना दिला होता आणि तो केव्हाही रद्द करण्याची तरतूद करारात होती. त्यानंतर माझ्या संग्रहातले कोणते खेळ खरोखर माझ्या हातात राहतील, हे एकेक करून तपासायचे मी ठरवले.

कसोटी मला कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सापडली. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना आपण केवळ परवाना देत आहोत हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. मात्र जी वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला यातून सूट आहे. ही सूटच मी मोजपट्टी म्हणून वापरली.

जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावरच्या खेळांचे काम सरळ होते, पण वेळखाऊ. तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे इंटरनेटशिवाय खेळ संगणकावर बसवणारी फाइल, मिळतो. मोठ्या खेळाचा इन्स्टॉलर एका 'सेटअप' फाइलीत आणि अनेक 'बिन' फायलींत विभागलेला असतो, आणि त्यातली एक जरी मागे राहिली तरी बाकीच्या निरुपयोगी ठरतात. म्हणून प्रत्येक खेळासाठी वेगळा फोल्डर केला, सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले आणि वाय-फाय बंद केलेल्या जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक खेळ नव्याने बसवून पाहिला. नुसती फाइल उतरली म्हणजे प्रत झाली, असे मी मानत नाही.

स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन खेळ-दुकानात मात्र खेळागणिक वेगळा अनुभव आला. स्टीमची स्वतःची बॅकअपची सोय आहे, पण ती प्रत परत बसवायलाही खात्यात लॉग-इन करावेच लागते, म्हणून ती मी बाद केली. काही खेळांचा फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तर ते स्टीमविनाही सुरू होतात, ते जपले. उरलेल्यांचे कुलूप, म्हणजे प्रत चालू न देणारे तांत्रिक संरक्षण, तोडायच्या वाटेला मी गेलो नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवू देते, पण हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणे कलम ६५अ नुसार गुन्हा आहे.

सर्व्हरवरच चालणाऱ्या खेळांची प्रत काढून काहीच उपयोग नसतो. युबिसॉफ्ट या कंपनीने 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा ऑनलाइन खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपातल्या तिच्या नागरिक-याचिकेला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. बंद करण्यापूर्वी खेळ चालू राहील अशी व्यवस्था कंपनीनेच करावी, ही तिची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. 'द क्रू २' ला त्याच कंपनीने पुढे ऑफलाइन खेळण्याची सोय दिली.