पुरणपोळीवाल्याची डालपुरी

"झाली की कळतंच." हे वाक्य मला आता कुणी ऐकवलं तर हातातलं लाटणं फेकून मारेन. डालपुरीची डाळ किती शिजवायची, एवढाच माझा प्रश्न होता. शेजारच्या आंटींना विचारलं, मंडईतल्या भाजीवालीला विचारलं, एकदा तर टॅक्सीवाल्यालाही विचारलं. तिघांचं उत्तर एकच: "यू गो नो, बेटा," म्हणजे तुझं तुलाच कळेल. अहो, कळलं असतं तर विचारलं कशाला असतं?

बायकोच्या नोकरीमुळे आम्ही त्रिनिदादला, सेंट ऑगस्टीनला राहायला आलो. आमच्याकडे स्वयंपाक माझ्याकडे असतो. होळीच्या पुरणपोळ्याही मीच लाटतो आणि चांगल्या लाटतो, त्यामुळे कॅरिबियन स्वयंपाकाचं फारसं दडपण नव्हतं. सुरुवातही झकास झाली. कॅलालू म्हणजे अळूचं फदफदंच. फक्त त्यात भेंडी आणि नारळाचं दूध पडतं, आणि शेवटी सगळं घोटून एकजीव करायचं. सहीना ही अळूवडीची चुलत बहीण. पेलाव म्हणजे इथला चिकन घातलेला भात, त्यासाठी साखर तेलात जाळताना पहिल्यांदा हात कापले (फेस येऊन गडद तांबूस झाली की लगेच चिकन टाकायचं, अर्धा मिनिट उशीर झाला तर सगळं कडू), पण दुसऱ्या खेपेला जमलं. त्यातले 'पिजन पीज' म्हणजे तुरीचे दाणे आहेत हे कळल्यावर तर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. महिन्याभरात आपल्याला सगळं येतं असा माझा समज झाला.

मग डालपुरी आली.

डालपुरी म्हणजे मैद्याच्या पोळीत मसाल्याच्या डाळीचं सारण. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' जहाज कोलकात्याहून इथे मजूर घेऊन आलं. तेव्हापासून १९१७ पर्यंत गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत माणसं येत राहिली, बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली. तवा, बेलना, चोका (म्हणजे भरीत) हे शब्द त्यांच्याबरोबर आले. उंड्याला इथे लोया म्हणतात, जिऱ्याला गीरा. आणि होळीला फगवा. मी मनात म्हटलं, फगव्याला आपण डालपुरी करू, पुरणपोळीवाल्याला त्यात काय अवघड?

अवघड हे, की पुरणपोळीने हाताला लावलेली प्रत्येक सवय इथे उलटी पडते.

पहिल्या खेपेला डाळ कुकरला लावली आणि चार शिट्ट्या केल्या. इथे हरभऱ्याची नाही, पिवळ्या वाटाण्याची डाळ घेतात आणि ती फार लवकर गळते. झाकण उघडलं तर आत पिवळी पेज. पुरण पातळ झालं की आपण आटवतो, म्हणून मी तेही कढईत घालून आटवायला बसलो. अर्ध्या तासाने उलथनं उभं राहिलं, पण हाताला लावलं तर नुसता गोंद. मग डोक्यात प्रकाश पडला की पुरण आटून बसतं ते गुळाच्या पाकामुळे, आणि इथे गूळच नाही. बायको घरी आली, कढईत डोकावली आणि म्हणाली, "आज पिठलं का?"

दुसऱ्या खेपेला कुकर बाद. पातेल्यात हळद घालून डाळ बारा मिनिटं उकळली आणि काढली. मिक्सरमधून फिरवली तेव्हा छान रवाळ दिसत होती. पण लाटायला घेतल्यावर कच्च्या डाळीच्या कण्या मैद्यातून टोचून बाहेर यायला लागल्या. पोळी तव्यावर टाकली, की भोकांतून वाफ सुटायची, सारण तव्यावर सांडायचं आणि जळायचं. दोन दिवस घरात जळक्या डाळीचा वास होता. त्यातल्या त्यात तीन पोळ्या धड निघाल्या, त्या खाताना दाताखाली कचकच.

तिसऱ्या खेपेचा मला अजूनही राग आहे, कारण त्या दिवशी डाळ बरोबर शिजली होती. पण आपल्याकडे पुरण गरम असतानाच वाटतात, गार झालं की घट्ट होतं आणि यंत्राचं हँडल फिरवताना खांदे दुखतात. तीस वर्षांची सवय. मी वाफाळती डाळ मिक्सरमध्ये घातली, बटण दाबलं आणि दहा सेकंदांत मऊसूत गोळा झाला. वाफेचं पाणी सगळं आतच कोंडलं होतं. भारतातून हौसेने आणलेलं पुरणयंत्र मी त्या रात्री माळ्यावर टाकलं.

शेवटी फगव्याच्या आदल्या दिवशी आंटींना घरी बोलावून गॅससमोर उभं केलं. त्यांनी उकळत्या पातेल्यातून चमच्याने दोन दाणे काढले, फुंकर मारली आणि एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला. दाण्याचे दोन तुकडे झाले आणि बोटांना काहीच चिकटलं नाही. "नॉट यट." चार मिनिटांनी पुन्हा. या वेळी दाणा भुरभुरला, चुरा झाला, पण बोटं कोरडीच राहिली. "नाऊ." माझं मोबाइलचं घड्याळ चालूच होतं. तर लिहून घ्या, कारण तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही: डाळ न भिजवता, माझ्या गॅसवर, उकळी फुटल्यापासून २२ मिनिटं. तुमच्या गॅसवर दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे होतील, म्हणून अठराव्या मिनिटापासून दाणा दाबायला लागा. चुरा व्हायला हवा, पण बोटाला लेप लागता कामा नये. लेप लागला की त्या दिवशी खरंच पिठलं करा.

त्यानंतर चाळणीत निथळून डाळ स्वच्छ कपड्यावर पसरली, वर पंखा लावला आणि आंटी सोफ्यावर जाऊन बसल्या. किती वेळ? एक तास. मी दर दहा मिनिटांनी डाळीला हात लावत होतो आणि तिकडून आवाज येत होता, "लीव्ह इट, नाह!" त्या तासाभरात मी मैदा मळला, भांडी घासली, ओटा दोनदा पुसला. इथल्या दमट हवेत डाळ कोरडी व्हायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. माझ्या तिन्ही खेपांची खरी चूक हीच होती, मला धीर नव्हता.

गार डाळ लसूण, मीठ आणि तिखट मिरचीबरोबर थोडी थोडी घेऊन वाटली, मिक्सर थांबवत थांबवत. भाजलेल्या जिऱ्याची पूड मागाहून, कोरडीच मिसळली. जिरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजायचं, आपण भाजतो त्याच्या पुढे. मूठभर घेऊन दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की विस्कटावा, इतकी मोकळी डाळ हवी. मिरचीचं सांगायचं राहिलं: बी काढा, हातमोजे घाला आणि 'मोरुगा स्कॉर्पियन'च्या वाटेला जाऊ नका. ही इथल्याच मोरुगा भागातली मिरची. २०१२ साली न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत तिची सरासरी १२ लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर भरली होती. मी कौतुकाने एक आणली आणि चिरून झाल्यावर डोळा चोळला. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

लाटण्याचं काय सांगू, ते आपल्या हातातच असतं. वाटी करायची, सारण दाबून भरायचं, तोंड मिटायचं. फक्त भरलेल्या उंड्यांना तेलाचा हात लावून पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि मग हलक्या हाताने लाटा. तव्यावर टम्म फुगते. दोन्ही बाजूंना तेल लावा, पण पुरणपोळीसारखे तांबूस डाग पडू देऊ नका, मऊ आणि पिवळट राहिली पाहिजे. काढली की लगेच कपड्यात गुंडाळा. मैद्यात चमचाभर बेकिंग पावडर पडते, हे वर लिहायचं राहून गेलं. प्रमाण म्हणाल तर चार कप मैद्याला दीड कप डाळ, आठ डालपुऱ्या होतात.

फगव्याच्या दिवशी आठही धड निघाल्या, एकही फुटली नाही. चिकन करी, बटाटा आणि चणे, वर कुचेला, म्हणजे इथलं कैरीचं लोणचं. बायकोने अडीच खाल्ल्या आणि पिठल्याचं नाव काढलं नाही. आंटींनी एक उलटून पालटून पाहिली, उजेडासमोर धरली, कडेपर्यंत डाळ पसरली आहे हे बघितलं आणि "ह्म्म" म्हणाल्या. मला तेवढं पुरे होतं.

डाळ निथळलेलं पिवळं पाणी आंटी मोरीत ओतायला निघाल्या होत्या, ते मी अडवून ठेवलं होतं. त्याची कटाची आमटी केली, गोडा मसाला आणि गुळाचा खडा घालून, आणि डबाभर त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो अर्धा भरलेलाच. वरून लसूण आणि जिऱ्याची दणदणीत फोडणी पडली होती. "टू स्वीट," आंटी म्हणाल्या, "आय फिक्स इट." खाऊन बघितली. खोटं कशाला बोलू, बरी लागत होती.