उन्हातली सायकल

दुपारी अडीचच्या सुमाराला गल्लीत फाट्कन आवाज झाला आणि कूलरसमोर आडवं पडलेलं अख्खं घर झोपेतच म्हणालं, "ट्यूब गेली कुणाची तरी." उठून कुणी बघितलं नाही. मे महिन्यात अकोल्यात या आवाजाला जो दचकतो तो पाहुणा.

माझी झोप मात्र उडाली. लहानपणी बाबांचा एकच कायदा होता. परीक्षेत कमी मार्क पडले तर चालायचं, पण सायकल उन्हात लावलेली चालायची नाही. त्यासाठी ते अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीबरोबर दिवसातून तीनदा सायकल सरकवायचे.

हवा घरीच भरायची. पायात धरायचा उभा पंप होता, त्याचा दांडा मी पोटाचं वजन टाकून दाबायचो. वीस-पंचवीस पंप मारले की नळकांड्याचं बूड चटका बसेल इतकं तापायचं. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये सांगून ठेवलंय की हवेची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो, पण तापमान बदललं नाही तर. ही अट आमच्या पंपाने कधी पाळली नाही. उलट व्हॉल्व्ह सैल केला की सुसाट सुटणारी हवा अशी गार लागायची की मी उन्हाळ्यात मुद्दाम गाल पुढे करायचो. भरलेली हवा वाया घालवल्याबद्दल मग पाठीत धपाटा.

अकरावीत वायूंचे नियम आले तेव्हा मला बाबांच्या कायद्याचं कलम सापडलं. टायर ट्यूबला फुगू देत नाही, म्हणजे आकारमान तेवढंच. मग तापमान वाढेल तसा दाब वाढणार. मी रात्री जेवताना जाहीर केलं, "सकाळी 27 अंश, दुपारी उन्हात चाक 54 वर गेलं, म्हणजे दाब दुप्पट!" बाबांचा घास हातातच राहिला. आईकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? आता शास्त्रच सांगतंय."

सहामाहीत असंच गणित आलं आणि मला भोपळा मिळाला. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं असतं, 273 मिळवून. म्हणजे 300 चे 327. आतला एकूण दाब वाढतो शंभराला जेमतेम नऊ. तेवढ्याने धडधाकट ट्यूब फुटत नाही. फुटते ती विरलेली, चार पॅच लावलेली, उन्हाने सोल्युशन सैल पडलेली. आमची तशीच होती, आणि ती बदलायचे पैसे नव्हते. सावली फुकट होती.

सोल्युशनवरून आठवलं. ज्या झाक शार्लच्या नावाने आपण नियम घोकतो, त्याचा हायड्रोजनचा फुगा 27 ऑगस्ट 1783 ला पॅरिसहून उडाला, तो रबर विरघळवून माखलेल्या रेशमाचा होता. म्हणजे आपल्या पंक्चरवाल्याचाच माल. तो गोनेस गावात उतरला तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी काटे-दाताळी घेऊन त्याच्या चिंध्या केल्या. शार्लने पुढे तापमानाचा नियम शोधला, पण छापायचा कंटाळा केला. 1802 मध्ये गे-ल्युसॅकने तो छापला आणि श्रेय मात्र शार्लला दिलं. अशी माणसं दुर्मीळ. मी तर माझी साधी चूकसुद्धा घरी सांगितली नाही. सहामाहीचा पेपर कपाटात, कपड्यांच्या खाली गेला.

संध्याकाळी चहाला बाबा म्हणाले, "दुपारी फुटली ना कुणाची? उन्हात ठेवतात." मग नातवाकडे वळून, बोट वर करून, "दाब दुप्पट होतो, दुप्पट! तुझ्या बापाने शोधून काढलंय."

नातू यंदा अकरावीत जातोय. तो धडा यायला अजून अवकाश आहे.